वाटाड्याचे आख्यान

कीर्तनाची समीक्षा आपल्याकडे फार जुनी आहे. बुवांनी निरूपणास कोणता अभंग घेतला, पूर्वरंग कितपत उभा राहिला, उत्तररंगातील आख्यान त्या अभंगास धरून होते की श्रोत्यांस हसविण्यापुरतेच होते, याची चर्चा देवळाच्या पायऱ्या उतरता उतरता होते. आणि पुष्कळदा ती छापील परीक्षणाहून मार्मिक असते. मग एका अख्ख्या प्रदेशाचे आख्यान आपल्यासमोर दिवसभर लावणारा जो सहलीचा मार्गदर्शक, त्याच्या निवेदनास ही कसोटी का लावू नये? त्याचे श्रोते कीर्तनाच्या श्रोत्यांहून कमी नसतात, आणि कीर्तनास बसलेला मनुष्य कंटाळला तर उठून जाऊ शकतो, ही सोय तर चालत्या गाडीत मुळीच नसते.

परीक्षणास घेतलेली कृती अशी: वेंगुर्ले ते जुने गोवे, किनाऱ्याकिनाऱ्याने, एका दिवसाची मार्गदर्शित सहल. बेळगाव भागातून अशा सहली आता वारंवार निघतात. आमच्या हिंडलग्यास तर हा मार्ग दारचाच. कारण बेळगाव-वेंगुर्ले रस्ता गावातूनच जातो. मार्मागोव्याची आगगाडी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू होण्यापूर्वी वेंगुर्ले हेच बेळगावचे बंदर होते, आणि घाटावरचा माल व घाटाखालचे मीठ-मासळी-नारळ याच वाटेने ये-जा करीत. देवळाच्या मंडळींनी मिळून ठरविलेल्या एका सहलीत प्रस्तुत लेखकही होता. कंपनीचे व मार्गदर्शकाचे नाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. गृहस्थ तरुण, हसतमुख व कष्टाळू होते. वृद्धांस हात देऊन उतरवीत आणि पाण्याची बाटली न मागता पुढे करीत. येथे विचार करावयाचा आहे तो त्यांच्या निवेदनाच्या रचनेचा, आणि ती रचना त्यांच्या एकट्याची नसून या धंद्यात रूढ झालेली आहे.

या रचनेत आख्याने पुष्कळ, निरूपण मात्र नाही. वेंगुर्ल्यास डच वखारीचे पडके अवशेष दाखविले गेले. ‘डच लोक येथे व्यापार करीत’ एवढे सांगून झाले व छायाचित्रांस पाच मिनिटे मिळाली. आता ही सहल वेंगुर्ल्यास आरंभ होऊन जुन्या गोव्यास संपणारी. त्या दोन ठिकाणांमधील नाते कोणते? सतराव्या शतकात डचांनी वेंगुर्ल्यास ठाणे मांडले त्याचे एक मोठे कारण गोवे हेच होते. मांडवीच्या मुखाशी आपली जहाजे उभी करून पोर्तुगीजांचा व्यापार कोंडावयाचा, त्या आरमारास रसद पुरवावयाची व शत्रूच्या हालचालींवर नजर ठेवावयाची, तर इतके जवळचे व सोयीचे बंदर दुसरे नव्हते. हे एक वाक्य पहाटेच वेंगुर्ल्यास सांगितले असते, तर संध्याकाळी मांडवीच्या काठी उभे राहिल्यावर श्रोत्यांस ते आपोआप आठवले असते. पूर्वरंगात पेरलेले उत्तररंगात उगवते ते असे. तसे न झाल्यामुळे वेंगुर्ले हा केवळ चहाचा मुक्काम ठरला.

आरवलीच्या श्रीवेतोबाच्या देवळात जे घडले ते मात्र नुसत्या उणिवेत मोडत नाही. वेतोबास केळ्यांचे घड व मोठाल्या चपला अर्पण करतात, हे सर्वश्रुत आहे. मार्गदर्शकांनी देवाच्या चपलांच्या मापावर एक विनोद केला, गाडी हसली, आणि पुढे निघाली. विनोदास आमचा विरोध नाही. कोकणातला मनुष्य देवाशीही थट्टेने बोलतो आणि देवास त्याचे काही वाटत नाही. परंतु ती थट्टा त्याला शोभते, कारण रात्री वेतोबा गावाची राखण करीत फिरतो, फिरून त्याच्या चपला झिजतात, म्हणून नव्या द्यावयाच्या, ही श्रद्धा त्याच्या थट्टेच्या पाठीशी उभी असते. राखणदार ही कल्पना तळकोकण व गोवे यांच्या लोकधर्माचा कणा आहे. ती न सांगता चपला दाखविणे म्हणजे आरती न म्हणता नुसती टाळी वाजविणे. ज्यांच्या घरी ही श्रद्धा नाही त्यांना तेथे विचित्र प्रकार दिसला, आणि ज्यांच्या घरी आहे ते गप्प बसले. गाडीतल्या एका वयस्क बाईंनी घड देण्याचा नवस फेडावयाचा होता. त्यांस दहा मिनिटांत ते उरकावे लागले.

शिरोड्यास थांबणे झालेच नाही, केवळ मिठागरांवरून गाडी गेली. १९३० च्या मे महिन्यात येथे मिठाचा सत्याग्रह झाला. वि. स. खांडेकर १९२० पासून १९३८ पर्यंत येथील शाळेत शिक्षक होते. या दोन गोष्टी सांगावयास एक मैल पुरला असता. रेडीस द्विभुज गणपतीची माहिती भरपूर मिळाली. १९७६ मध्ये खाणीच्या परिसरात ही मूर्ती सापडल्याची हकीकत त्यांनी खरोखर रंगवून सांगितली, आणि हा त्यांच्या निवेदनाचा उत्तम भाग म्हटला पाहिजे. परंतु त्याच रेडीचा संबंध विद्वान लोक चालुक्यांच्या रेवतीद्वीपाशी जोडतात, आणि मंगलेशाने ते जिंकल्याचा उल्लेख ६३४ सालच्या ऐहोळे येथील शिलालेखात आहे. बेळगावच्या श्रोत्यांस ऐहोळे म्हणजे घरचे नाव. घाटावरील राजसत्तेची दृष्टी या बंदरांवर किती पूर्वीपासून होती, हे त्यांना चटकन् उमगले असते.

तेरेखोल येथे नदीच्या मुखावर उभा असलेला लहानसा किल्ला सर्वांस आवडला. सावंतवाडीकर भोसल्यांचा हा किल्ला पोर्तुगीजांनी १७४६ मध्ये घेतला. नदीच्या उत्तरेकडे असूनही तो आज गोव्यात मोडतो तो या इतिहासामुळे. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी येथे शिरून तिरंगा फडकविला. शिरोड्याचे मीठ व तेरेखोलचा झेंडा, यांमध्ये चोवीस वर्षांचे आणि गाडीने अर्ध्या तासाचेही नसलेले अंतर. एकीकडे इंग्रज, दुसरीकडे पोर्तुगीज. इतके सुंदर जोडकाम भूगोलाने आयते करून ठेवलेले असता निवेदनात तेथे एका चित्रपटाच्या चित्रीकरणाची गोष्ट आली.

पुढे केरीपासून एक वेगळीच तक्रार सुरू होते. या नियतकालिकाच्या वाचकांस, ज्यांच्या घरात मराठी व कोंकणी दोन्ही नांदतात, ती विशेष जाणवेल. मार्गदर्शक हिंदीतून बोलत होते, त्याबद्दल काही म्हणणे नाही. गाडीत सर्व भाषांचे लोक असतात. परंतु हरमलचे त्यांनी ‘आरंबोल’ केले, केरीचे ‘केरिम’, मोरजीचे ‘मोरजिम’, शिवोलीचे ‘सिओलिम’, आणि दिवाडीचे ‘दिवार’. यांतील अखेरचा ‘म्’ हा तर निव्वळ वाचनदोष आहे. पोर्तुगीज लिपीत शब्दाच्या शेवटी येणारे ते अक्षर ओठ मिटून उच्चारावयाचे नसते. मागील स्वर नाकातून काढावयाचा, एवढीच ती खूण. म्हणजे परक्यांनी आमचा सानुनासिक उच्चार आपल्या लिपीत बऱ्यापैकी टिपला, आणि ती लिपी उलटी वाचून आम्हीच आपल्या गावांची नावे बिघडविली. केरीच्या धक्क्यावर मासळी विकणाऱ्या बाईस मार्गदर्शकांनी ‘केरिम बीच’ विचारले, तेव्हा तिने कोंकणीत, ‘ह्योच न्हय केरी!’ म्हणून हात झटकला. त्या दिवसाचे सर्वांत बिनचूक निवेदन तेच होय.

म्हापशावरून गाडी न थांबता गेली. मिलाग्र सायबिणीच्या उत्सवास हिंदूही तेल घेऊन जातात, आणि लोकांच्या समजुतीत ती शिरगावच्या लईराईची बहीण आहे, ही गोष्ट कोणत्याही सहलीत सांगितली जात नाही. यात कदाचित मार्गदर्शकांची अडचण असेल. त्यांच्या टिपणात गोव्याचे दोन भाग केलेले असतात: एकात चर्च, दुसऱ्यात देवळे. दोहोंत पाय असलेली वस्तू कोठे ठेवावी ते त्यांना कळत नसावे.

जुन्या गोव्यास पोचेपर्यंत तीन वाजून गेले. येथे निवेदकांस न्याय दिला पाहिजे. बाँ जेजूस व से कॅथेड्रल यांची माहिती त्यांनी नीट, शांतपणे व आदराने दिली. १५१० मध्ये आल्बुकर्कने आदिलशहाकडून हे नगर घेतले, पुढे रोगराईने ते ओस पडत गेले, १८४३ मध्ये राजधानी पणजीस गेली, आणि १९८६ मध्ये ही वास्तुसंपदा जागतिक वारशाच्या यादीत आली, हे सर्व बरोबर होते. परधर्मीयांच्या पूजास्थानी कसे वावरावे हेही त्यांनी आपल्या मंडळींस समजावून सांगितले. आरवलीस जो संयम सुटला तो येथे पूर्णपणे पाळला गेला. हा फरक का पडावा? येथे छापील माहिती होती, नियम लिहिलेला फलक होता, पहारेकरी होता. तेथे केवळ देव होता.

शेवटचे ठिकाण म्हणजे व्हाइसरॉयची कमान. ‘येथून व्हाइसरॉय नगरात प्रवेश करीत’ हे वाक्य उच्चारून सहल समाप्त झाली, आणि मंडळी कमानीखाली समूहचित्रास उभी राहिली. आमच्या सर्व परीक्षणाचा भर या एका जागेवर आहे. या कमानीतून उतरले की थोड्याच पावलांवर नदीचा धक्का लागतो, आणि तेथून दिवाडी बेटावर जाणारी फेरीबोट सुटते. दिवाडी ओलांडली की दुसरी फेरीबोट, आणि तिच्या पलीकडे डिचोली तालुक्यातील नार्वे. तेथे श्रीसप्तकोटेश्वर आहे.

गोव्याच्या कदंब राजांचा हा देव. ‘श्रीसप्तकोटीश्वरलब्धवरप्रसाद’ हे बिरुद ते आपल्या नाण्यांवर कोरीत. त्याचे मूळ स्थान दिवाडीवर होते. चौदाव्या शतकात बहमनी स्वारीत ते देऊळ पडले. विजयनगरच्या माधवमंत्र्याने ते पुन्हा उभारले. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पुन्हा पाडले. ते धारालिंग काही काळ विहिरीच्या रहाटास लावले होते असे सांगतात. भाविकांनी ते गुपचूप नदीपार नेले, आणि १६६८ मध्ये शिवछत्रपतींच्या आज्ञेने नार्व्यास देवळाचा जीर्णोद्धार झाला. अगदी अलीकडे, २०२३ मध्ये, गोवा शासनाने पुन्हा एकदा त्याचे जतनकार्य पूर्ण केले.

देव नदीपार जातो ही गोव्याच्या देवस्थानांची मध्यवर्ती कथा आहे. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास. आमच्यापैकी कित्येकांची कुलदैवते अशी एका रात्री होडीत बसून निघालेली आहेत, आणि त्यांच्यामागून आमचे पूर्वज घाट चढून बेळगाव, हिंडलगा, शहापूर, निपाणीपर्यंत आले. १८७७ मध्ये गर्सन द कुन्य यांनी छापलेल्या सह्याद्रिखंडात या क्षेत्रांची माहात्म्ये आहेत. ती रचणाऱ्यास इतिहास आजच्यासारखा अवगत नव्हता, परंतु देव येथेच का, हा प्रश्न त्याने कधी चुकविला नाही. आजचा निवेदक तारखा बिनचूक सांगतो आणि तो प्रश्न चुकवितो. स्थलमाहात्म्याची जागा त्याने घेतली आहे खरी. पण माहात्म्यकाराचे काम मात्र उचललेले नाही.

किनाऱ्याची सहल असल्याने समुद्र सतत उजवीकडे असतो, ही मार्गदर्शकांची आवडती खूण होती. ऐन केरीच्या वळणाखेरीज हे पुष्कळसे खोटेच. समुद्र बहुतेक वेळ माडांच्या आड राहतो, आणि दिसतात त्या नद्या: तेरेखोल, शापोरा, मांडवी. या प्रदेशाचा खरा इतिहास या आडव्या नद्यांवर लिहिलेला आहे. नदी म्हणजे सरहद्द, नदी म्हणजे सुटका. काका कालेलकरांचे ‘लोकमाता’ वाचलेल्या माणसास हे निराळे सांगावे लागणार नाही. परंतु सहलीचा आराखडा करणाऱ्यांनी नकाशा उभा धरला व नद्यांस केवळ पुलांची संख्या मानले.

वेळ पुरत नाही हे उत्तर आम्हांस ठाऊक आहे, आणि ते सर्वस्वी खोटेही नाही. दोन फेऱ्यांची वाट पाहावी लागते, आणि सहलीची गाडी मोठी असल्यास ती फेरीबोटीवर चढेलच असे नाही. तरी लहान गाडीस अडचण नाही, आणि एक गोष्ट तर हिशेबाची आहे. आमच्या मंडळींस परत घाटावर यावयाचे असते. सहलीच्या गाड्या जुन्या गोव्याहून पुन्हा पणजीस येऊन आल्या वाटेने फिरतात. दोन तरी ओलांडून नार्व्यास उतरले तर पुढे डिचोली, दोडामार्ग, तिलारीचा घाट, पाटणे फाटा, शिनोळी असे करीत गाडी थेट हिंडलग्यास येते. म्हणजे वाट घराकडचीच. वेंगुर्ल्याचा चहा पंधरा मिनिटांनी व चित्रपटाची गोष्ट पूर्णपणे कमी केली, मोरजीच्या वाळूतला पाऊण तास अर्ध्यावर आणला, तर सूर्यास्तापूर्वी सप्तकोटेश्वराच्या दीपमाळेपाशी पोचता येते. पावसाळ्यात मात्र फेरीबोटीच्या वेळा आदल्या दिवशी विचारून घ्याव्यात.