पटावरचे भूमिपुत्र

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या भाच्याने इंदिरानगरच्या आमच्या घरी ‘स्पिरिट आयलंड’ हा पटावरचा खेळ मांडला. आर. एरिक रॉइस यांनी रचलेला हा खेळ २०१७ साली आला. एका बेटावर परके लोक उतरतात, गावे आणि शहरे वसवतात, जमीन नासवतात. खेळाडूंनी बेटावरच्या निसर्गशक्ती व्हायचे आणि त्यांना हुसकून लावायचे. ‘दहान’ नावाचे मूळ रहिवासी तिथे आधीपासून असतातच. आम्ही जिंकलो. पट आवरताना दिसले, की दहानांची एकच सोंगटी उरली आहे. बाकीच्या कधी गेल्या, हे माझ्या ध्यानातही नव्हते. असे का झाले, याचा शोध घेण्याचा हा प्रयत्न.

आधी खेळाचे श्रेय त्याला द्यायला हवे. १९९५च्या ‘कटान’मध्ये वस्ती करायला मिळणारे बेट रिकामेच असते. ‘सिव्हिलायझेशन’ या संगणकावरील खेळमालिकेत ‘रानटी’ टोळ्या कुठूनतरी उगवतात आणि त्यांचा तळ उद्ध्वस्त केला, की सोने मिळते. त्यांना ना आठवण, ना मागणी. ‘स्पिरिट आयलंड’ने हा पट उलटा फिरवला आणि वसवणाऱ्यालाच आक्रमक म्हटले.

तरीही त्याचे नियम बारकाईने पाहावेत. आक्रमकांच्या हल्ल्यातून जे दहान वाचतात, ते उलट वार करतात. आपणहून उठायचे, तर एखाद्या शक्तीने तसे घडवून आणावे लागते. ‘थंडरस्पीकर’ नावाची शक्ती त्यांच्याबरोबर चालते. दहान मारले गेले, तर तिचीही हानी होते. मला सर्वांत भावलेली जागा हीच. पण तिथेही निर्णय खेळाडूचा असतो. शिवाय शत्रूंना इंग्लंड, स्वीडन अशी खरी नावे आहेत, रहिवाशांचे नाव मात्र कल्पित. खऱ्या जमातीचे विकृत चित्र होऊ नये, हा त्यामागचा हेतू असू शकेल. परिणाम असा, की आक्रमकाला इतिहास मिळतो आणि रहिवाशाला फक्त जागा.

याच्या शेजारी आमच्या जिल्ह्यातली एक नोंद ठेवून पाहू. १८८३च्या नाशिक गॅझेटियरमध्ये भागोजी नाईक भेटतात. जातीने भिल्ल, एकेकाळी नगरच्या पोलिसांत नोकरीला. १८५५ साली दंग्याबद्दल शिक्षा झाली. सुटल्यावर चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागितला गेला. १८५७ साली त्यांनी माणसे जमवून पुणे-नाशिक रस्त्यावर नांदूर शिंगोट्याजवळ ठाण मांडले. ४ ऑक्टोबरला चालून आलेला पोलीस अधिकारी लेफ्टनंट हेन्री तिथे मारला गेला. ११ नोव्हेंबर १८५९ रोजी सिन्नर तालुक्यातल्या मिठसागरे येथे भागोजी पडले.

ही नोंद शत्रुपक्षाची आहे. तरीही तिच्यातला माणूस दहानांपेक्षा अधिक जिवंत वाटतो, कारण त्याने सरकारची चाकरी केली आहे, तुरुंग पाहिला आहे आणि मग स्वतः ठरवून शस्त्र उचलले आहे. त्याच काळात भिल्लांना आवरायला कॅप्टन नटॉल यांनी कोळ्यांची पलटण उभी केली. म्हणजे डोंगरातली माणसे दोन्ही बाजूंना होती. दहानांमध्ये असा दुभंग नाही. दुभंग दाखवायचा, तर आधी त्यांना मत द्यावे लागेल.

आणखी एक गोष्ट पटावर नाही, ती म्हणजे कागद. जमीन नुसती शहर वसवल्याने जात नाही. मोजणीने जाते, १८७८च्या वनकायद्यासारख्या कायद्याने जाते. ६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून मुंबईला निघालेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च आमच्या वसाहतीजवळच्या महामार्गाने गेला, तेव्हा मी कडेला उभी होते. त्यात आदिवासी मोठ्या संख्येने होते. २००६च्या वनहक्क कायद्याप्रमाणे कसत असलेली जमीन नावावर करा, ही त्यांची एक मुख्य मागणी होती. त्या कायद्यात १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा सिद्ध करावा लागतो. जे आधीपासून तिथे आहेत, त्यांनीच पुरावा द्यायचा!

‘आमची वसाहत’ हे मी सहज लिहून गेले. मराठीत राहत्या कॉलनीला आणि साम्राज्याच्या मुलखाला हा एकच शब्द आहे. खेळाने मला निसर्गशक्तीची खुर्ची दिली, म्हणून वसाहतवाल्याच्या किंवा दहानाच्या खुर्चीत बसण्याची वेळच आली नाही. माझा आक्षेप एवढाच आहे: अशा कल्पनाखेळांत आपल्याला न्याय्य बाजू फुकट मिळते आणि तिची किंमत सोंगट्या भरतात.

“मावशी, अजून एक डाव?” भाच्याने विचारले. आम्ही एक नियम वाढवला. दहान मरू शकतील अशी खेळी करण्यापूर्वी एकाने त्यांच्या वतीने बोलायचे, आणि त्याला नकाराचा अधिकार. भाचा दहानांच्या बाजूने बसला आणि त्याने मला चार वेळा नकार दिला. आम्ही हरलो. तो डाव मात्र मला खेळीन् खेळी आठवतो.