गतीची धूसर भाषा

मायब्रिज यांनी १८७८ साली धावत्या घोड्याचा एकेक क्षण छायाचित्रात पकडला. चारही पाय अधांतरी दिसले, पण धाव थिजली. अर्न्स्ट हास यांनी उलट वाट धरली. स्पेनमधील पाम्प्लोना येथे १९५६ साली वृषभयुद्ध टिपताना त्यांनी शटर अधिक वेळ उघडे ठेवले. आकृत्यांच्या कडा विरघळल्या, रंग वाहू लागले आणि स्थिर कागदावर वेग अवतरला. हा धूसरपणा दोष नव्हे, गतीची भाषा आहे, हे आम्हांस मान्य आहे. परंतु त्या रंगप्रवाहात जनावराची वेदनाही पुसली जात नाही काय? वन्यप्राण्यांची छायाचित्रे घेणाऱ्यांनीही हे ध्यानी धरावे. सारे विरले तरी प्राण्याचा डोळा ओळखू यावा. वेगाच्या मोहात जीव हरवू नये, असे आम्हांस वाटते.