दहा आठवड्यांची भाषा

कोरियाचा राजा सेजोंग ह्याने १४४३ साली आपल्या प्रजेसाठी नवी लिपी सिद्ध केली व १४४६ साली ती ग्रंथरूपाने जाहीर केली. त्या ग्रंथाच्या शेवटी जोंग इन-जी ह्या विद्वान अधिकाऱ्याने असा अभिप्राय नोंदविला आहे की, बुद्धिमान मनुष्यास ही अक्षरे सकाळ सरण्यापूर्वी अवगत होतील आणि मंदबुद्धी मनुष्यासही दहा दिवस पुरे होतील. सोल येथील विद्यापीठांतून आज परदेशी विद्यार्थ्यांसाठी जे त्वरित वर्ग चालतात, त्यांत बहुधा रोज चार तास, आठवड्यातून पाच दिवस, असे दहा आठवडे अध्यापन होते. दोनशे तासांची एक पायरी, आणि अशा पायऱ्या सहा. त्या घडणीच्या एका प्राथमिक वर्गात बसण्याचा योग आम्हांस आला. त्या शिक्षणक्रमाचे जे गुणदोष आम्हांस दिसले, ते वाचकांपुढे ठेवावेत, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

गुण प्रथम सांगणे न्याय्य होय. लिपी शिकविण्याची ह्या वर्गांची हातोटी उत्तम आहे. कोरियन व्यंजनांच्या आकृती उच्चारस्थानांवरून घेतलेल्या आहेत. ‘ग’ची आकृती म्हणजे घशाकडे उचललेले जिभेचे मूळ, ‘न’ची म्हणजे वर टेकलेले जिभेचे टोक, ‘म’ची म्हणजे मुख आणि ‘स’ची म्हणजे दात. स्वरांच्या मुळाशी आकाश, पृथ्वी व मनुष्य ह्यांची तीन चिन्हे आहेत. मूळच्या २८ अक्षरांपैकी आज २४ प्रचारात आहेत. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य अशी वर्गवारी लहानपणीच घोकलेल्या आपल्यासारख्यांना ही रचना परकी वाटत नाही. आणि तसे वाटण्यास कारणही आहे. सेजोंगने चिनी ध्वनिशास्त्राचा आधार घेतला होता, आणि बौद्ध भिक्षूंनी नेलेल्या भारतीय शिक्षाशास्त्राचा संस्कार त्या शास्त्रावर पूर्वीच झालेला होता.

उच्चाराची खरी कसोटी पुढे लागते. ‘चंद्र’, ‘मुखवटा’ व ‘कन्या’ ह्या तीन अर्थांचे तीन शब्द केवळ आरंभीच्या व्यंजनाने वेगळे होतात. एक व्यंजन साधे, दुसरे महाप्राण, तिसरे कंठ आवळून काढलेले. ‘त’ आणि ‘थ’ ह्यांतील भेद आपल्या कानास सहज कळतो. तिसऱ्या उच्चारासाठी मात्र कान नव्याने घडवावा लागतो. शिक्षकांनी ह्या बाबतीत घेतलेले श्रम आम्ही कृतज्ञतेने नमूद करतो.

वाक्यरचनेतही मराठी माणसास मोठी सवलत आहे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या भाषाशाळेने इंग्रजी भाषकांसाठी कोरियन अतिशय कठीण भाषांत गणून २,२०० तासांचे अध्ययन ठरविले आहे. आपले क्रियापद वाक्याच्या शेवटीच येते आणि नामास विभक्तीचे प्रत्यय मागूनच लागतात. ‘मी शाळेत जातो’ ह्या वाक्यातील शब्द त्याच क्रमाने ठेवले की कोरियन वाक्य उभे राहते.

परंतु नेमक्या ह्याच सोयीमुळे फसगत होते, आणि आमचा मुख्य आक्षेप येथेच आहे. ‘पाऊस पडतो आहे’ हे वाक्य आपण मित्रास सांगितले काय, किंवा गुरुजींस सांगितले काय, क्रियापद तेच राहते. फार तर ‘अरे’ किंवा ‘अहो’ तेवढे बदलते. कोरियनमध्ये मित्रास ‘बिगा वा’ म्हणावयाचे, ओळखीच्या वडीलधाऱ्यास ‘बिगा वायो’ आणि सभेत ‘बिगा ओम्निदा’. पाऊस तोच; तथापि ऐकणारा कोण, हे ठरल्यावाचून वाक्य पुरे होत नाही. म्हणूनच तेथे नव्या ओळखीत वय विचारणे हा आगाऊपणा ठरत नाही. वय कळले नाही तर बोलणाऱ्याने क्रियापद तरी कसे निवडावे? थोरल्या भावास मुलगा ‘ह्यॉंग’ म्हणतो, तर मुलगी ‘ओप्पा’ म्हणते. नात्याचा शब्दसुद्धा बोलणाऱ्याचे स्थान सांगितल्याशिवाय राहत नाही.

ह्याच्या जोडीला आणखी एक धागा आहे. ज्याच्याविषयी बोलावयाचे, त्याचा मान वेगळा राखावा लागतो. सामान्य माणसाच्या निजण्यास ‘जादा’ हे क्रियापद, तर आजीच्या निजण्यास ‘जुमुशिदा’. मित्रास आजीविषयी सांगताना क्रियापदाने आजीचा आदर करावयाचा आणि त्याच क्रियापदाच्या शेपटाने मित्राशी सलगीही राखावयाची. देवालयाच्या परिसरात वाढलेल्या वाचकांस हे समजावून सांगण्यास फार शब्द नकोत. आपण देव झोपला असे म्हणत नाही, शेजारती झाली असे म्हणतो. देवाने जेवण केले असे म्हणत नाही, नैवेद्य झाला असे म्हणतो. जी मर्यादा आपण देवघरात पाळतो, ती कोरियन माणूस आजीच्या खोलीबाहेरही पाळतो, एवढाच फरक.

आता ह्या वर्गांची विषयवाटणी पाहावी. चार दिवस ‘भाषा’ आणि शुक्रवारी दुपारी ‘संस्कृती’, अशी आमच्या वर्गात विभागणी होती. संस्कृतीच्या तासाला हानबोक हा पारंपरिक पोशाख अंगावर चढवून छायाचित्रे काढली जात, किमची घालण्याचे प्रात्यक्षिक होई, एखादे गाणे बसविले जाई. हे सर्व आनंददायक होते. पण संस्कृती ही भाषेहून वेगळी, शुक्रवारी भेटणारी वस्तू आहे, हा समज त्यातून नकळत दृढ होतो. त्याचा प्रत्यय आम्हांस स्वतःच्या चुकीतून आला. जेवण झाले का, ही त्यांच्याकडेही आपल्यासारखीच कुशल विचारण्याची रीत आहे. एका वृद्ध शिक्षकांस आम्ही तो प्रश्न मोठ्या उत्साहाने विचारला. शेवटी ‘यो’ हा आदरार्थी शब्दांश होता. पाठ्यपुस्तकाप्रमाणे वाक्य निर्दोष होते. मात्र खाण्याचे क्रियापद व भाताचा शब्द, दोन्ही बरोबरीच्या माणसास योजावयाचे. वडीलधाऱ्यांच्या भातास ‘जिंजी’ असा निराळा शब्द आहे, हे आम्हांस कोणी सांगितलेच नव्हते. ते सद्गृहस्थ हसले व त्यांनी हळूच शब्द सुधारून दिला. परीक्षेत आम्हांस पूर्ण गुण मिळाले असते. त्यांच्या दारात मात्र आम्ही असंस्कृत ठरलो होतो.

ह्यावर असे उत्तर देता येईल की, आरंभीच्या विद्यार्थ्यावर एवढा भार घालू नये. ‘यो’ने बहुतेक प्रसंग निभावतात. ते उत्तर खोटे नाही. पण भार वाढवा, असे आमचे म्हणणे नाहीच; शुक्रवारचे तास सोमवारात मिसळा, एवढेच आम्ही म्हणतो. निरोप घेताना जाणाऱ्यास ‘आन्न्यॉंगही गासेयो’ आणि मागे राहणाऱ्यास ‘आन्न्यॉंगही ग्येसेयो’ म्हणतात. आपल्याकडे निघणारा ‘येतो’ म्हणतो आणि घरचे ‘या’ म्हणतात, त्याच जातीचे हे सौजन्य. हे दोन शब्द पाठ करून घेण्याऐवजी दार उघडून दोन विद्यार्थ्यांस उंबरठ्याच्या दोन बाजूंस उभे केले, तर व्याकरण आणि संस्कृती दोन्ही एकाच घटकेत शिकून होतात.

इतिहासाच्या बाबतीतही हीच उणीव आहे. अक्षरे सोपी आहेत हे सांगितले जाते. ती जपण्यास काय पडले, हे सांगितले जात नाही. १४४४ साली चोए मान-री ह्या दरबारी पंडिताने चिनी अक्षरे सोडणे हा रानटीपणा होय, अशा आशयाचा विरोध नोंदविला. जपानी अमलात १९३८ नंतर शाळांतून कोरियन मागे पडली. १९४२ साली शब्दकोश रचणाऱ्या कोरियन भाषा मंडळाच्या सभासदांना अटक झाली आणि त्यांपैकी दोघे तुरुंगात मरण पावले. हे ज्याने ऐकले, तो विद्यार्थी आपली वही निराळ्या हाताने उघडील.

आणि भारतीय विद्यार्थ्यास तर घरचीच माणसे तेथे भेटतात. क्षणास तेथे ‘छाल्ला’ म्हणतात, तो आपला ‘क्षण’च होय. गोंधळाच्या जागेस ‘आसुराजांग’ म्हणतात, त्यात आपला असुर आहे. आणि टवाळखोर गुंडास ‘गॉन्दाल’ म्हणतात, तो मूळचा गंधर्व. धर्मग्रंथांच्या वाटेने गेलेल्या ह्या शब्दांचे तेथे काय झाले, हे पाहण्यात गंमतही आहे आणि बोधही. हेइन्सा विहारात तेराव्या शतकात कोरलेले त्रिपिटकाचे ८१,२५८ काष्ठफलक आजही जतन केलेले आहेत. अशा देशाची ओळख शुक्रवारच्या एका दुपारी उरकण्यासारखी नव्हे.

एकंदरीत, हे वर्ग वाईट आहेत असा निर्णय आम्ही देत नाही. जे सकाळी येण्यासारखे आहे, ते सकाळीच देतात, हा त्यांचा मोठा गुण. पण अक्षर वाचता येणे ही ओसरी. समोरच्या माणसाचे स्थान ओळखून क्रियापद उच्चारता येणे हे माजघर. दहा आठवड्यांत माजघरापर्यंत कोणी पोहोचणार नाही, हे आम्ही जाणतो. निदान ओसरीवर बसलेल्यास, घर आत आणखी आहे आणि तेथे पादत्राणे काढून जावे लागते, एवढे पहिल्याच दिवशी सांगितले जावे.