नागमोडी रेघ आणि तुटणारा बंध

जीवशास्त्राच्या तासाला आपण सांगतो, ‘एटीपीतील फॉस्फेटचा बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते.’ रसायनशास्त्राच्या तासाला सांगतो, ‘बंध तोडायला ऊर्जा खर्चावी लागते.’ यातले खरे कोणते, असे एखाद्या विद्यार्थिनीने विचारले तर?

दुसरे विधान खरे. पहिल्याला चालना मिळाली ती फ्रिट्झ लिपमान यांच्या १९४१ सालच्या लेखामुळे. ‘ऊर्जासंपन्न’ बंधासाठी त्यांनी सरळ रेघेऐवजी नागमोडी रेघ वापरली. फॉस्फेट कोणत्या रेणूकडून कोणाकडे सहज जाईल, याच्या हिशेबाला ही खूण फार उपयोगी पडली. पण पाठ्यपुस्तकांत तिची दाबून ठेवलेली स्प्रिंग झाली. वास्तविक ऊर्जा एका बंधात कोंडलेली नसते. अभिक्रियेपूर्वीचे आणि नंतरचे सर्व रेणू यांच्यातला तो फरक असतो.

या चित्रातला दुसरा दोष अधिक गंभीर आहे. त्यातून विकरच गायब होते. हेक्झोकायनेजचे उदाहरण घ्या. प्रमाण परिस्थितीत पाण्याने एटीपीचे विघटन झाले, तर दर मोलला सुमारे ३०.५ किलोज्यूल मुक्त ऊर्जा घटते; पण त्यातून काम काहीच होत नाही, द्रावण तेवढे तापते. हेक्झोकायनेज मात्र एटीपीचा फॉस्फेट गट थेट ग्लुकोजला जोडते. ग्लुकोज-६-फॉस्फेटच्या विघटनाचा आकडा १३.८ आहे. म्हणजे या हस्तांतरात १६.७ किलोज्यूलची घट होते आणि अभिक्रिया पुढे सरकते.

पाणी तर पेशीत सर्वत्र असते, रेणूही लहान. मग फॉस्फेट पाण्याकडे का जात नाही? विकर स्वतःचा आकार बदलते, असे उत्तर डॅनियल कॉशलंड यांनी १९५८ साली सुचवले. ग्लुकोज बसला की हेक्झोकायनेजचे दोन भाग मिटतात, हे पुढे स्फटिकांच्या अभ्यासात दिसले. ग्लुकोज नसताना एटीपीचे विघटन हजारो पटींनी मंद होते.

शालेय पातळीवर एवढे काटेकोर कशाला, असा आक्षेप येईल. परंतु सोपे करणे वेगळे आणि शेजारच्या तासाला खोटे पाडणे वेगळे. ‘कायनेज फॉस्फेट गट एका रेणूवरून दुसऱ्यावर नेते’ हे वाक्य तितकेच सोपे आहे. ते फळ्यावर लिहावे आणि त्याखाली फॉस्फेट देणारा व घेणारा, असे दोन्ही रेणू काढावेत. नागमोडी रेघ मग राहिली तरी चालेल.