कादंबरी नावाची मुलगी

आमच्या कादंबरीचे लग्न तुळशीच्या लग्नानंतर करायचे ठरले आहे. हे वाक्य वाचून कोणाला वाटेल, की बाई आपल्या एखाद्या पुस्तकाविषयी बोलत आहेत. प्रकाशकांकडून परत आलेल्या दोन कादंबऱ्या माझ्या ट्रंकेत आहेत खऱ्या. पण त्यांची लग्ने जमण्याचे चिन्ह नाही. ही कादंबरी म्हणजे माझी भाची, माझ्या थोरल्या भावाची एकुलती एक मुलगी. तिच्या बारशाला आत्या या नात्याने मीच तिच्या कानात हे नाव सांगितले. त्या वेळी मी नुकती विशीत आले होते, मॅट्रिकपुढे शिक्षण झालेले नव्हते, आणि भाऊ दर पंधरवड्याला यवतमाळहून एस. टी. ने येताना माझ्यासाठी वाचनालयाची पुस्तके आणीत असे. जगात मला त्याहून आवडती वस्तू नव्हती. तिचेच नाव मी मुलीला दिले. पाळण्याभोवतीच्या बायका हसल्या. एक म्हातारी म्हणाली, "पोथी नाव ठेवलं असतं त पुण्य तरी लागलं असतं!"

नाव रुळले. शाळेच्या दाखल्यावर चढले, मतदार यादीत गेले. आणि यंदा साक्षगंधाच्या दिवशी विहीणबाईंनी माझ्या वहिनीला बाजूला घेऊन सांगितले, "नाव वाईट हाये असं नाही म्हनत आमी. पन आमच्या भटजीनं पाहून सांगतलं, का याचा अर्थ दारू होते. सुनेले दारू म्हनून हाक कशी मारावं, सांगा तुमी? तांदळावर दुसरं नाव लिहू."

वहिनी रात्री माझ्याजवळ येऊन बसली. "ताई, नाव ठेवलं तवा तुमाले माहीत होतं का हे?"

माझा भाऊ दारूने गेला. दिवाळीच्या अंकात हे लिहावे की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला; पण ते वगळले तर पुढचे काहीच लिहिण्यात अर्थ नाही. आमच्या जिल्ह्यात अशी घरे थोडी नाहीत. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी झाली, चंद्रपुरात २०१५ साली झाली आणि २०२१ साली उठली. यवतमाळच्या बायांनी ती मागत मोर्चे काढले. अशा मुलखात, अशा बापाच्या मुलीच्या नावाचा अर्थ कोणी दारू म्हणून सांगावा आणि ते नाव मी ठेवलेले असावे! वहिनीला मी खरे ते सांगितले. मला माहीत नव्हते.

मग मी शोधाला लागले. मी संस्कृतची पंडिता नव्हे. खेड्यातल्या शाळेत लहान वर्गांना शिकवते. भाषांतरे आणि कोश यांच्या आधाराने जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवते.

भटजी खोटे बोलले नाहीत. अमरकोशात मद्याची नावे सांगितली आहेत, त्यांत 'कादंबरी' आहे. मात्र त्याच ओळीत, तिच्या अगदी शेजारी, 'प्रसन्ना' आहे आणि 'इरा'ही आहे. इरा हे नाव आज शहरात किती आवडीने ठेवतात! तेथे कोणी कोश उघडून बघत नाही. कादंबरीलाच कोश का लागावा, हे मला कळत नाही. शिवाय कोशकार या शब्दाचे आणखीही अर्थ देतात : कोकिळा, मैना, आणि सरस्वती. भटजींनी पहिल्यावरच बोट ठेवले.

शब्दाचे मूळ कदंबाच्या झाडात आहे. पुराणात कथा आहे, की बलराम वनात फिरत असता कदंबाच्या ढोलीतून वारुणी स्रवू लागली आणि त्या गंधाने तो तिकडे ओढला गेला. कदंबाची म्हणून ती कादंबरी. आता गंमत पाहा. कदंब म्हणजेच आपला कळंब. यवतमाळहून वर्ध्याच्या वाटेवर आमच्याच जिल्ह्यात कळंब नावाचे तालुक्याचे गाव आहे. तेथे जमिनीच्या पातळीखाली पायऱ्या उतरून जावे लागते असे चिंतामणीचे देऊळ आहे, आणि त्या क्षेत्राचे जुने नाव कदंबपूर असे सांगतात. विहीणबाई दर चतुर्थीला तेथे जातात. कळंबचा गणपती चालतो, कळंबाची मुलगी चालत नाही.

पण झाडाचे आणि मद्याचे हे नाव माणसाला पहिल्यांदा कोणी लावून दाखविले असेल तर ते बाणभट्टाने. सातव्या शतकात हर्षाच्या सभेत असलेला हा कवी. त्याने मुद्दाम थट्टा केली असावी, कारण त्याच्या कादंबरीच्या आईचे नावच मदिरा आहे! मदिरेच्या पोटी कादंबरी. ग्रंथ अपुरा ठेवून बाण वारला, मुलाने तो पुरा केला. तो मुलगाही म्हणतो, की या कादंबरीचा रस पिऊन सारे लोक असे मत्त झाले आहेत, की त्यांना कशाचीच शुद्ध नाही. तेव्हा दारूचा अर्थ झाकून ठेवण्यात हशील नाही. तो कवीनेच उघडा मांडला आहे.

प्रश्न एवढाच, की जिच्या नावाने ग्रंथ आहे ती मुलगी आहे कशी? येथे मला थोडी टीकाकाराची भूमिका घ्यावी लागते, आणि ती माझ्या भाचीच्या सोयीची नाही. निम्म्याहून अधिक ग्रंथ संपला तरी कादंबरीचा पत्ता नसतो. शूद्रक राजाची सभा, बोलणारा पोपट, जाबालीचा आश्रम, उज्जयिनी, चंद्रापीडाचे शिक्षण, शुकनासाचा लांबलचक उपदेश, दिग्विजय, अच्छोद सरोवर... आणि तेथे भेटते ती कादंबरी नव्हे, महाश्वेता. पांढऱ्या वस्त्रातली ती तपस्विनी, तिचा पुंडरीक, त्याचे मरण आणि तिचे वाट बघणे हे सारे बाणाने इतके जीव ओतून लिहिले आहे, की पुढे नायिका आली तरी वाचकाचे मन मागेच रेंगाळते. मी कादंबरीकार असते तर (म्हणजे छापलेली कादंबरीकार) ग्रंथाला महाश्वेतेचेच नाव दिले असते. मराठीत पुढे सुमती क्षेत्रमाडे यांनी 'महाश्वेता' लिहिली, याचे मला नवल वाटले नाही.

तरी पुन्हा वाचताना एक गोष्ट ध्यानात आली. कादंबरीचे वर्णन येते त्याच्या आधी तिचा निश्चय येतो. मैत्रीण दुःखात आहे तोवर मी लग्न करणार नाही, असे तिने ठरविले आहे. आईबाप समजावून थकले. शेवटी बापाने महाश्वेतेकडेच माणूस पाठविला, की तूच हिला सांग. राजवाड्यातल्या एका मुलीने लग्नाला नाही म्हणावे, तेही मैत्रिणीखातर! आपल्या मराठी कादंबऱ्यांत नायकाखातर प्राण देणाऱ्या नायिका ढिगाने सापडतील. मैत्रिणीखातर थांबणारी शोधावी लागेल. बाण मात्र ही गोष्ट जेमतेम सांगतो आणि तिच्या लाजण्याकडे वळतो.

चंद्रापीडाचे हृदय फुटून तो गतप्राण होतो तो भाग मुलाच्या हातचा. कादंबरी चितेची तयारी करते, तोच वाणी होते, की हा देह नासणार नाही, तो सांभाळ. आणि ती सांभाळते. दिवसामागून दिवस. त्याला धुते, पुसते, फुले वाहते. तो कधी उठेल हे कोणी तिला सांगू शकत नाही. विद्वान म्हणतात, मुलाची भाषा बापाच्या पासंगाला लागत नाही. असेल. पण बापाने कादंबरीला प्रेमात पाडले आणि मुलाने तिला उभे केले, असे माझे मत झाले आहे. निश्चेष्ट पडलेल्या नवऱ्याजवळ रात्र काढणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. माझी वहिनी त्यांतलीच.

पुढे हे नाव माणसांतून निघून पुस्तकांत गेले. बंगाली-हिंदीने 'उपन्यास' म्हटले, गुजरातीने 'नवलकथा'. मराठीने आणि कानडीने मात्र बाणाच्या नायिकेचेच नाव सबंध वाङ्मयप्रकाराला दिले. आमच्या पहिल्या कादंबऱ्याही नायिकांच्याच नावांच्या : बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ ची, हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ ची, रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ ची. नाव दुर्मिळ राहिले ते यामुळेच, असे मला वाटते. जी वस्तू मुलींनी उशीखाली दडवून वाचायची, जिने मुली बिघडतात म्हणून वडीलधारी ओरडायची, तिचे नाव मुलीला कोण देणार? बंगालात तशी अडचण नव्हती. तेथे १८६८ साली मातंगिनी नावाची नऊ वर्षांची मुलगी ठाकुरांच्या घरी सून म्हणून आली आणि कादंबरी झाली. तीच रवींद्रनाथांची वहिनी. सासरी मिळालेले नाव तिला फार दिवस लाभले नाही, १८८४ साली ती गेली. पण नाव त्या घराने दिले होते, काढले नव्हते.

आपल्याकडे आता हे नाव अधूनमधून कानावर येते. कादंबरी कदम ही अभिनेत्री घरोघरच्या पडद्यावर दिसली, तेव्हा आमच्या शाळेतल्या पोरींनी माझ्या भाचीला पहिल्यांदाच नावावरून हसणे सोडले. अर्थाने नावे अडत नाहीत, ती माणसांनी रुळतात. उल्का म्हणजे कोसळता तारा, ज्योतिषातला अपशकुन. पण १९३४ साली खांडेकरांची 'उल्का' आली आणि सुशिक्षित घरांत उल्का नावाच्या मुली हौसेने वाढू लागल्या. शकुंतला तर टाकलेली मुलगी. तरी यवतमाळ-मूर्तिजापूरच्या आमच्या छोट्या आगगाडीला लोकांनी लाडाने तेच नाव दिले, आणि ती बंद पडल्यावरही ते कोणी बदलले नाही.

तांदळावरच्या नावाविषयी मी अधिक बोलू नये, कारण त्यात माझा स्वार्थ आहे. माझेही नाव ताटातल्या तांदळात अंगठीने लिहून बदलले होते. मॅट्रिकच्या सर्टिफिकेटवर एक बाई आहे, रेशनकार्डावर दुसरी. नोकरीच्या वेळी त्या दोघी एकच, हे सिद्ध करायला मला तीन वेळा कचेरीत जावे लागले.

गेल्या महिन्यात मी विहीणबाईंकडे गेले. भांडायला नव्हे. त्या अंगणात तूर निवडीत बसल्या होत्या, मीही सूप घेतले आणि गोष्ट सांगितली. मद्याचा अर्थ लपविला नाही. कदंब सांगितला, कळंब सांगितले. महाश्वेतेपाशी त्यांचे हात थांबले. चंद्रापीड पडला तेव्हा त्यांनी सूप खाली ठेवले.

"मंग?" त्या म्हणाल्या. "उठला का तो?"

"उठला. तिने कवटाळले आणि उठला."

"किती दिस लागले?"

"पुष्कळ."

त्या काही बोलल्या नाहीत. चहा झाला, एस. टी. ची वेळ झाली, मी निघाले. तांदळावर कोणते नाव लिहिले जाईल ते अजून ठरलेले नाही. भाची म्हणते, ताट समोर आले की अंगठी मी हातात घेईन. ती कोणावर गेली आहे कोण जाणे!

काल लग्नपत्रिकेचे प्रूफ त्यांच्याकडून माझ्याकडे तपासायला आले. वधूचे नाव छापले आहे 'चि. सौ. कां. कादबरी'. अनुस्वार राहिला होता. तो मी घालून परत पाठविला आहे.