पाद्री, भिक्षु आणि झगा

जुनीं चित्रें, कोरीव ठशांचे छाप आणि गेल्या शतकांतील छायाचित्रें यांच्या याद्या संग्राहक मंडळी तयार करूं लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्या याद्यांत कॅथलिक धर्मपुरुषाची आकृति आली कीं तिच्यापुढें बहुधा दोनच शब्द लिहिलेले आढळतात : ‘जेसुइट पाद्री’. झगा काळा असला तरी जेसुइट, तपकिरी असला तरी जेसुइट, आणि कमरेला दोरी बांधलेली असली तरीही जेसुइटच. कोणा एका यादीचें नांव घेऊन दोष देण्याचें कारण नाहीं. खोड सार्वत्रिक आहे. मात्र ती क्षुल्लक नाहीं. चित्र कोणत्या काळचें, कोणाच्या मठांतून बाहेर आलें, हे निर्णय याच दोन शब्दांवर उभे केले जातात, आणि पाया चुकला कीं वरचा सगळा इमला कलतो.

घोटाळ्याचें मूळ ‘पाद्री’ या शब्दांत आहे. पोर्तुगीजांचा ‘पाद्रे’ म्हणजे पिता. मराठींत आल्यावर या शब्दानें सर्वांनाच पोटांत घेतलें. दशनामी संन्यासी, कानफाटा जोगी, महानुभाव आणि रामदासी यांना एकाच नांवाखालीं घालणाऱ्या यादीकाराची आपण कानउघाडणी करूं. परधर्माच्या बाबतींत मात्र हीच ढिलाई आपणांस चालते. वास्तविक तेथेंही भेद स्पष्ट आहेत. संत बेनेडिक्टच्या नियमानें एका मठांत स्थिर राहणारे ते मठवासी. भिक्षेवर राहून गांवोगांव उपदेश करणारे ते भिक्षु, म्हणजे आमच्या परिभाषेंत परिव्राजकांच्या जवळचे. फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, कार्मेलाइट आणि ऑगस्टिनियन हे या वर्गांतले. तिसरा वर्ग व्रतस्थ पुरोहितांचा, आणि जेसुइट त्यांत येतात. गोव्यास फ्रान्सिस्कन १५१७-१८ च्या सुमारास आले, जेसुइट १५४२ सालीं, डॉमिनिकन १५४८ सालीं आणि ऑगस्टिनियन १५७२ सालीं. पोर्तुगीज मुलखांतून जेसुइटांची हकालपट्टी १७५९ सालीं झाली. उरलेल्यांचे मठ गोव्यांत १८३५ सालीं बंद झाले. हे सनावळीचे खुंटे हाताशीं असतां वेष नीट ओळखला, तर चित्राच्या काळाची निदान एक बाजू पक्की होते.

आतां गंमत अशी कीं, ज्या जेसुइटांचें नांव सर्वांच्या अंगावर चढविलें जातें, त्यांनाच स्वतःचा असा ठराविक वेष नाहीं. त्यांच्या संघाच्या घटनेंत वस्त्राविषयीं तीनच अपेक्षा आहेत : तें सभ्य असावें, त्या त्या देशाच्या चालीचें असावें आणि दारिद्र्यव्रताशीं विसंगत नसावें. युरोपांत आणि गोव्यांत ते सामान्य पुरोहितांसारखा काळा झगा घालीत. म्हणजे काळा झगा पाहून ‘कोणीतरी पुरोहित’ एवढेंच म्हणतां येतें. १६०६ सालीं मदुरेस गेलेल्या रॉबर्ट द नोबिली या जेसुइटानें तर काषाय वस्त्र धारण केलें. त्यावरून स्वधर्मीयांतच मोठा वाद माजला आणि १६२३ सालीं पोप पंधरावे ग्रेगरी यांनीं निर्णय द्यावा तेव्हां तो शमला. आमच्या यादीकारांपुढें नोबिलीचें चित्र आलें तर ते त्यास खुशाल ‘हिंदु संन्यासी’ म्हणतील! अकबरनाम्यांतील नरसिंह चित्रकाराचें इबादतखान्याचें प्रसिद्ध चित्र डब्लिन येथें आहे. त्यांतील काळ्या वेषाचे दोघे जेसुइट आहेत, हें खरें. पण तें आपण जाणतों तें १५८० सालीं फत्तेपूर-सिक्रीस पोंचलेल्या रुडॉल्फ अक्वाविवाच्या मंडळीचा वृत्तांत उपलब्ध आहे म्हणून. ओळख ग्रंथानें पटविली आहे, रंगानें नव्हे.

रंगाविषयीं आमचें मत थोडें विस्तारानें सांगतों. पोथीची चिकित्सा करणारा ऱ्हस्वदीर्घाच्या भेदावरून पोथ्यांचीं कुळें ठरवीत नाहीं. तो गाळलेली ओळ, उलटलेला क्रम, प्रक्षिप्त श्लोक पाहतो. वेषांत रंग हा ऱ्हस्वदीर्घासारखा आहे. फ्रान्सिस्कनांचाच झगा घ्या. त्यांची मूळ लोकर न रंगविलेली, आमच्या घोंगडीसारखी मिश्र करडी असे. इंग्लंडांत त्यांना ‘ग्रे फ्रायर’ म्हणजे करडे भिक्षु म्हणत. आज सर्वांस परिचित असलेला तपकिरी रंग त्या संघांत सर्रास झाला तो तेराव्या लिओ पोपनें १८९७ सालीं त्याच्या शाखा एकत्र केल्यावर. यास्तव सतराव्या शतकांतील चित्रांत करड्या वेषाचा भिक्षु दिसला तर तो फ्रान्सिस्कन नव्हे असें म्हणणें चूक, आणि गडद तपकिरी रंगावरून चित्र जुनें ठरविणें ही त्याहून मोठी चूक. डॉमिनिकनांची कथा अधिकच बोधक आहे. त्यांचा झगा पांढरा, खांद्यावरून पुढेंमागें लोंबणारी स्कॅप्युलर नांवाची पट्टीही पांढरी. पण बाहेर पडतांना वरून काळी शाल आणि काळी खोळ घेत, म्हणून लोक त्यांस ‘ब्लॅक फ्रायर’ म्हणूं लागले. उलट कार्मेलाइटांचा झगा तपकिरी असून वरच्या पांढऱ्या शालीमुळें ते ‘व्हाइट फ्रायर’ झाले. श्वेतांबर आणि दिगंबर हीं नांवें वेषावरूनच पडलीं, पण त्यांच्या अर्थाला निदान सिद्धांताचा आधार आहे. या इंग्रजी नांवांना रस्त्यांतून जातांना दिसलेल्या वरच्या कपड्यापलीकडे आधार नाहीं.

मग भरंवसा कशावर ठेवावा? कमरबंद, खोळ आणि पाय यांवर. फ्रान्सिस्कनाच्या कमरेला दोरी असते आणि तिच्या तीन गांठी दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञाधारकता या तीन व्रतांच्या. ऑगस्टिनियनाच्या काळ्या झग्यावर कातडी पट्टा असतो आणि मागें खोळ असते. जेसुइटाच्या काळ्या झग्यास खोळ नाहीं. एवढा एक भेद ध्यानांत ठेवला तरी आमच्या याद्यांतील बरेच ‘जेसुइट’ गोव्याच्या ऑगस्टिनियन मठांत परत जातील. कपुचिनांचें तर नांवच खोळीवरून पडलें आहे. संत फ्रान्सिसची खोळ टोंकदार होती, आपणही तशीच घालावी, असा आग्रह कांहीं भिक्षूंनीं धरला आणि १५२८ सालीं त्यांना पोपची मान्यता मिळाली. टोपीच्या आकारावरून निराळा संघ निघाला म्हणून हंसूं नये. आमच्या वैष्णवांत गंधाच्या आकारावरून वडगळै-तेंगळै यांचे खटले चाललेले आहेत.

मराठ्यांच्या इतिहासाशीं याचा संबंध थेट पोंचतो. जानेवारी १६६४ मध्यें शिवाजी महाराजांनीं सुरत मारली, तेव्हां फादर आंब्रोज याच्या निवासाला त्यांनीं धक्का लावला नाहीं, असें बर्निये लिहितो. हा आंब्रोज कपुचिन होता. त्याचें कल्पनाचित्र काढणारास काळा झगा रंगविण्याची मुभा नाहीं. दाढी, टोंकदार खोळ, दोरी आणि पायांत साध्या वहाणा हें त्याचें रूप होय.

तथापि वेषाची साक्षही उलटतपासणीशिवाय घेऊं नये. १६५५ सालीं छापलेलें संत आंतोनीचें चरित्र हा चांगला दाखला आहे. चरित्रनायक फ्रान्सिस्कन, तोही आधीं ऑगस्टिनच्या नियमाचा व्रती असून १२२० सालीं वेष बदलून फ्रान्सिसच्या संघांत शिरलेला. पण ग्रंथकार आंतोनियु द साल्दांज हा जेसुइट. अशा ग्रंथांतील दोरी बांधलेल्या संतावरून लेखकाचा संघ ठरविणारा सरळ खड्ड्यांत पडेल. आणि गोव्याचा जोसेफ वाझ १६८७ सालीं डच अंमलाखालील सिलोनांत शिरला तो मजुराच्या वेषांत. तेथें झग्याचा शोध घेणें व्यर्थच.

आमच्या वर्धा जिल्ह्यापुरतें पाहिलें तरी सावधगिरीचें कारण आहेच. वर्धा नदीपलीकडे ऋद्धिपूर हें महानुभावांचें मोठें क्षेत्र. त्यांच्या काळसर वस्त्रांवरून बाहेरच्यांनीं किती कुत्सित कथा रचल्या, आणि सकळ लिपींतील पोथ्यांचा राजवाड्यांनीं उलगडा केल्यावर त्या कशा फोल ठरल्या, हें येथील संग्राहकांना नव्यानें सांगावयास नको. १९६२ पासून चांदा मिशनच्या व पुढें त्या धर्मप्रांताच्या कक्षेंत हा जिल्हा आला, आणि मिशनचें काम १८३१ सालीं केरळांत मान्नानम येथें स्थापन झालेल्या कार्मेल संघाकडे सोंपविलें गेलें. तेव्हां तत्पूर्वीच्या छायाचित्रांतील धर्मपुरुषांना हा संघ चिकटवूं नये. दुसरा सांपळा खादीचा. जॅक विन्स्लो यांनीं १९२२ सालीं स्थापिलेल्या ख्रिस्त सेवा संघाचे सभासद खादीचा झगा घालीत. व्हेरिअर एल्विन त्यांच्यांतलाच. हे अँग्लिकन होते, कॅथलिक नव्हेत. मगनवाडीच्या किंवा सेगांवच्या काळांतील एखाद्या छायाचित्रांत गांधींजवळ झग्यांतला गोरा मनुष्य दिसला, तर यादींत झग्याचें कापड, कमरबंद, खोळ आहे कीं नाहीं आणि पायांत काय आहे, एवढें नोंदवावें. संघाची जागा, लिखित पुरावा मिळेपर्यंत, कोरी सोडावी.