चेंगराचेंगरी : एका शब्दाची झडती

मारामारी, ढकलाढकली, ओढाओढी. या शब्दांत करणारा आणि भोगणारा वेगळा काढता येत नाही. जे करतात तेच भोगतात. ‘चेंगराचेंगरी’ याच साच्यातला शब्द. बातमीत तो आला की चौकशीआधीच निकाल लागतो : लोकांनी लोकांना चेंगरलं. अडवलेला रस्ता, अरुंद जिना, वेळेवर न आलेला मंत्री यांना त्या शब्दात जागाच नाही.

नागपूरला हा शब्द २३ नोव्हेंबर १९९४ पासून चिकटलाय. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन चालू होतं. अनुसूचित जमातीच्या सवलती द्या, ही मागणी घेऊन हजारो गोवारी मोर्चाने आले. मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर पोलिसांनी त्यांना अडवलं. कुणीतरी मंत्री येऊन निवेदन घेईल म्हणून लोक ताटकळत थांबले. संध्याकाळी रेटा आला, लाठ्या चालल्या, ११४ जीव गेले. त्यात बहुतेक बायका आणि मुलं. आदिवासी विकासमंत्री मधुकरराव पिचड यांनी राजीनामा दिला.

या एका घटनेला आज तीन नावं आहेत. बातम्यांत ‘गोवारी चेंगराचेंगरी’. समाजातले अनेक जण म्हणतात ‘गोवारी हत्याकांड’. आणि सीताबर्डीच्या उड्डाणपुलाचं नाव ‘आदिवासी गोवारी शहीद’. पहिल्या नावात दोष गर्दीचा, दुसऱ्यात सरकारचा. तिसरं मान देतं, पण त्यातही काहीतरी निसटतं. शहीद मरणाची तयारी ठेवून निघतो. कडेवर पोर घेऊन निघालेल्या बाईला घरी परतायचं होतं.

गर्दीलाच दोषी धरण्याची सवय कुठून आली? तिला पुस्तकी रूप दिलं फ्रान्सच्या गुस्ताव्ह ले बाँने, १८९५ मध्ये. त्याचं म्हणणं असं, की गर्दीत शिरला की शहाणा माणूसही सुधारणेच्या पायऱ्या उतरून खाली जातो. गर्दीचे गुण कुणासारखे? तर बायका, मुलं आणि ‘रानटी’ लोक यांच्यासारखे. ही यादी नागपूरच्या मृतांच्या यादीशेजारी ठेवून बघा. बायका, मुलं, आणि आदिवासी म्हणून आपली नोंद मागणारा समाज. ज्यांना अक्कल नाही असं पुस्तकाने आधीच ठरवलं होतं, तेच रस्त्यावर मेले. मग दोष त्यांच्यावर ढकलणं किती सोपं!

आजचं संशोधन वेगळं सांगतं. एका चौरस मीटरमध्ये सहा-सात माणसं उभी राहिली की कुणाचंच शरीर स्वतःच्या ताब्यात राहत नाही. गर्दी पाण्यासारखी हेलकावे खाते, पाय जमिनीवरून सुटतात. माणसं बहुतेक वेळा तुडवली जाऊन मरत नाहीत. छाती दाबली जाऊन, कधी उभ्याउभ्याच, श्वास कोंडून मरतात. मागच्याला पुढचं काही दिसत नाही. त्याने टाकलेलं एक पाऊल पुढे कुणाच्या तरी बरगड्यांवर पडतं. याला वेड म्हणत नाहीत. आणि संकटात अनोळखी माणसं एकमेकांना सावरतात, हे २००५ च्या लंडन बॉम्बस्फोटांतून वाचलेल्यांशी बोलून जॉन ड्ररी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं.

त्यासाठी लंडनला जायचीही गरज नाही. कोराडीला या. एकीकडे वीजकेंद्राच्या चिमण्या, दुसरीकडे जगदंबेचं देऊळ. नवरात्रात नागपूरहून माणसं पायी येतात. रांगेत कुणी म्हणतं, ‘आजीला जाऊ द्या ना जी पुढे.’ कुणी पाण्याची बाटली मागे देतं. वाट मोकळी आहे, रांग पुढे सरकते आहे, तोवर हीच गर्दी शहाणी असते. माणसं तीच, वाट बंद झाली की जीव जातात.

गर्दी नेहमीच निर्दोष असते, असं मात्र नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारे समजून जमावाने पाच भटक्या माणसांना ठेचून मारलं. पण तिथे जमावाने मारलं. नागपुरात जमाव मेला. दोन्हींना ‘गर्दीची मानसिकता’ म्हणून एकाच पोत्यात भरणं हा विश्लेषणाचा आळस आहे.

या आळसाला गोष्ट फार आवडते. २९ सप्टेंबर २०१७ ला मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर २३ जण गेले. त्यानंतर एक किस्सा घरोघर पोचला : कुणीतरी ‘फूल गिर गया’ ओरडलं, लोकांनी ‘पूल गिर गया’ ऐकलं. खरंही असेल. पण ऐकण्यातली चूक लक्षात राहिली आणि पुलाची रुंदी विसरली गेली. पाऊस, पाठोपाठ येणाऱ्या गाड्या, एवढ्या माणसांना एक चिंचोळा जिना : यात कुणी काहीही ऐकलं असतं तरी हिशोब तोच. सैन्याने बांधलेला नवा पूल २०१८ च्या फेब्रुवारीत खुला झाला. म्हणजे पूल होऊ शकत होता.

शब्द बदलून मेलेले परत येत नाहीत. पण शब्दामुळे पुढचा प्रश्न ठरतो. मराठीत ‘कोंडणे’ हे क्रियापद आहे, आणि त्याला कर्ता लागतो. ‘चेंगराचेंगरीत ११४ ठार’ हे वाचून आपण हळहळतो आणि बोटाने स्क्रीन वर सरकवतो. ‘कोंडलेले ११४ जण मेले’ असं वाचलं, तर बोट थांबेल. कुणीतरी विचारेल : कोंडलं कुणी?